जुन्नरची लेणी: इतकी कशी, कुणाच्या पैशाने, आणि आत राहायचे कसे?

कुकडीकाठ
नमस्कार मंडळी,
शिवनेरी पाहिला, लेण्याद्रीच्या गणपतीला नमस्कार केला, की बहुतेकांचं जुन्नर संपतं. पण या एका गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. अजिंठ्याची ३० आणि वेरूळची क्रमांक दिलेली ३४ एकत्र केली तरी जुन्नरच्या निम्म्यापर्यंत पोचत नाहीत. उत्तरेला लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडीचे तीन गट (भीमाशंकर, अंबा-अंबिका, भूतलेणी), पश्चिमेला तुळजा लेणी, आणि शिवनेरीच्या कड्यात कोरलेली वेगळीच. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक ते इ.स. तिसरं शतक.

प्रश्न तीन. एवढी लेणी इथेच का? खर्च कुणी केला? आणि या खोल्यांत माणसं रोजच्या रोज राहायची म्हणजे नेमकी कशी? शाळेच्या पुस्तकातलं 'राजाश्रयामुळे' हे उत्तर जुन्नरला लागू पडत नाही, असं माझं मत आहे. जाणकारांनी लिहावं.

घाटवाट
पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावात नाही, तीसेक किलोमीटर पश्चिमेला नाणेघाटात आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल देशावर चढवायची ही थेट वाट. घाट चढून आल्यावर बैल सोडायला, माल बदलायला, दुरुस्तीला पहिलं मोठं ठिकाण जुन्नर. तिथून पुढे पैठण, तेर. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आणि प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांत दिली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी).

आकडे कोरलेले आपल्याकडचे अगदी जुने लेख मोजायला घेतले तर हा वरच्या रांगेत बसतो. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं, आणि चारशे लिहायचं तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं.

मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं उरली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

सह्यभटक्या
आणि तो रांजण राहिलाच. जकातीचा गल्ला!

घाटवाट
रांजण आहे खरा, एकाच दगडातला, मोठा. पण जकात त्यातच टाकायचे हे सांगणारा एकही शब्द नाणेघाटातल्या लेखांत नाही. वाटसरूंसाठी पाण्याचा असणंही तितकंच शक्य. गाईड मंडळींना गल्ला आवडतो, त्याला इलाज नाही.

पाटाखालचा
एवढी चर्चा कशाला? पांडवांनी एका रात्रीत खोदली आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट सोडली. विषय संपला. :)

ब्राह्मीवाचक
पाटाखालचा, कोंबड्याची बाजू मांडणाराही पुढे कुणी येईलच. तोवर लेखांकडे वळू.

दुसऱ्या प्रश्नाला जुन्नरइतकं स्वच्छ उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं, कारण दात्यांनी नाव, गाव, धंदा आणि काय दिलं ते कोरून ठेवलंय. थोडी उदाहरणं:

लेण्याद्रीचं क्रमांक ६ चं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा सुलसदत याने दिलं. क्रमांक १४ चं सपाट छताचं चैत्यगृह कपिल उपासकाचा नातू, तापस उपासकाचा मुलगा आनद याचं. शिवनेरीच्या कड्यातलं चैत्यगृह वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीचं (घरंदाज गृहस्थाचं), 'सर्व लोकांच्या हितसुखासाठी'. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (व्यावसायिक संघाने) सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी (टाकं) दिली. भडोचच्या बुधमित आणि बुधरखित या भावांनी दोन खोल्यांचं लेणं दिलं.

शिवाय तीन यवन. इरिलाने दोन पोढी, चिटाने संघाला भोजनमंडप, चंदाने गर्भद्वार (लेण्याचा दर्शनी भाग).

यात राजा दिसतोय का कुठे? सोनार, धान्यवाले, गृहपती, परगावचे व्यापारी. कोण्या एकाने अख्खा विहार (भिक्षूंच्या राहण्याचं लेणं) दिला असंही क्वचितच. कुणी दार, कुणी टाकं, कुणी दोन खोल्या. कुकडीकाठ यांच्या मताला माझं +१.

ताम्रपट
इतकी घाई नको. मानमोडीत वत्सगोत्री अयमाचा लेख आहे. तो महाक्षत्रप स्वामी नहपान या शक राजाचा अमात्य. पोढी आणि मंडप दिले, वर्ष ४६. शक संवत धरला तर इ.स. १२४. म्हणजे सरकार दरबारी हजर होतंच.

जुन्नर नहपानाची राजधानी असावी असंही मत आहे. तसं असेल तर सुरक्षित रस्ता, चालू नाणं आणि न्याय देणारा अधिकारी, हे सगळं राजाश्रयातच मोडतं. सोनाराच्या पोराने पैसे दिले, पण ते मिळवता आले कुणाच्या राज्यात?

ब्राह्मीवाचक
अयमाचं बरोबर, तो विसरून चालणार नाही. पण तोही देतो काय, तर एक टाकं आणि एक मंडप. धान्य श्रेणीच्या दानापेक्षा लहान! राजधानीचा मुद्दा मात्र नुसत्या या एका लेखावर उभा राहत नाही. अमात्य दान देतो म्हणजे तो तिथे नेमलेला असेल किंवा वाटेवर असेल. नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख नाशिक आणि कार्ल्याला आहेत. त्यावरून ती गावं राजधानी ठरत नाहीत.

ताम्रपट
मान्य, 'असावी' म्हटलंय, 'होती' नाही.

हिशेबनीस
लेणं खोदणं हा एकदाचा खर्च. कापड, दिवाबत्ती, डागडुजी हा चालू खर्च. तो कसा भागवायचे, हे दानयादीपेक्षा जास्त रंजक आहे.

एक मार्ग जमिनीचा. मानमोडीच्या एका लेखात कोणाचिक श्रेणीतला आडुथुम नावाचा शक उपासक वडालिका गावातली २० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतकातली ९ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी लावून देतो. करंजाचं तेल दिव्याला चालतं, हे लक्षात घ्या.

दुसरा मार्ग मुदत ठेवीचा. जुन्नरला बांबूकाम करणारे वासकार, कासार अशा श्रेणींकडे पैसे गुंतवल्याचे लेख आहेत, पण पूर्ण आकडेमोड पाहायची तर नाशिकच्या पांडवलेण्यात, क्रमांक १० मध्ये उषवदाताचा लेख वाचावा. एकूण ३००० कार्षापणं. त्यातली २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ ने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं.

ताळा करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय की वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. २० गुणिले १२ बरोबर २४०. पै न पै जुळते. उरलेल्या १००० चं वर्षाचं व्याज ९०, ते किरकोळ खर्चाला.

मिरगाचापाऊस
पाऊण टक्का दरमहा म्हणजे साल ९ टक्के! श्रेणीचा पत्ता मिळेल काय?

हिशेबनीस
मिळेल, पण शाखा दोन हजार वर्षं बंद आहे.
गमतीचा भाग सोडा, पण व्यवस्थेची मेख इथेच आहे. श्रेणी बुडाली की दान बुडालं. आणि श्रेणीचा धंदा घाटाच्या वाहतुकीवर. ती आटली की लेण्यांचा चालू खर्च आधी अडतो, नवीन खोदकाम नंतर थांबतं. तिसऱ्या शतकानंतर जुन्नरला नवं काम जवळजवळ दिसत नाही, त्यामागे हेही एक कारण धरायला हवं.

कातळवाचक
आता खोदकामाबद्दल, कारण 'खर्च' म्हणताना मजुरीचा अंदाज येत नाही.

काम वरून खाली चालायचं. आधी कड्याचा दर्शनी भाग सरळ तासून घ्यायचा. मग छताच्या पातळीवर माणूस वाकून शिरेल एवढा बोगदा आत न्यायचा, तो दोन्ही बाजूंना रुंद करायचा आणि छत तिथल्या तिथे पुरं करायचं. नंतर एकेक थर खाली उतरायचा. याचा मोठा फायदा म्हणजे परांची, म्हणजे मचाण, लागतच नाही. पायाखालचा न खोदलेला कातळ हीच परांची. खांबांच्या जागी चौकोनी ठोकळे सोडायचे. चौकोनाचे कोपरे मारले की अष्टकोन, पुन्हा मारले की सोळा बाजू.

अर्धवट लेण्यांत पद्धत उघडी दिसते. जमिनीत समांतर चर पाडलेले असतात आणि मधले उंचवटे पहारीने, घणाने उडवायचे बाकी असतात. भिंतीवर तिरप्या रेघा दिसल्या तर टोकदार छिन्नीचं काम. रेघा पुसून सपाट केलं असेल तर पटाशीसारख्या चपट्या छिन्नीचा दुसरा हात. बेसॉल्ट छिन्नीची धार पटकन खातो, त्यामुळे भट्टी लावून बसलेला लोहार हा टोळीचा अविभाज्य भाग. दगडफोड्यांइतकंच काम त्याला.

फसतं कुठे? सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांचा आहे. दोन थरांमध्ये कधी लालसर मातकट पट्टा येतो. तो मऊ, पाणी धरणारा. खांबाचा पाया किंवा उंबरा नेमका त्या पट्ट्यात आला की काही पावसाळ्यांत खालून झिजतो आणि वरचं वजन लोंबकळतं. दुसरा शत्रू म्हणजे कड्याला समांतर जाणाऱ्या उभ्या भेगा. दर्शनी भाग अख्खाच्या अख्खा सुटून येतो. तुळजा लेण्यांचे दर्शनी भाग असेच गेलेले आहेत, म्हणून तिथे आतलं स्तूपगृह बाहेरून सरळ दिसतं.

सह्यभटक्या
तुळजाचं ते गोल चैत्यगृह ना? त्यावर लिहा की जरा, फार लोक तिथे जातच नाहीत.

कातळवाचक
तेच, क्रमांक ३. तळ वर्तुळाकार, मधोमध स्तूप, भोवती १२ साधे अष्टकोनी खांब आणि स्तूपावर घुमटासारखं छत. खांबांना तळखडा नाही की शीर्ष नाही. आंध्रातल्या गुंटुपल्लीलाही गोल चैत्यगृह आहे, पण पश्चिम भारतात असं उदाहरण मिळणं कठीण. जुन्नरच्या सगळ्यात जुन्या कामांत याची गणना होते.

याच्या शेजारी लेण्याद्रीचं क्रमांक ६ मनात ठेवा. खांबांचे तळखडे घटाचे, शीर्षांवर प्राणी, आणि गजपृष्ठाकार छताच्या फासळ्या दगडातच कोरलेल्या. कार्ल्याला याच फासळ्या लाकडाच्या बसवल्या आहेत.

यवनप्रिय
तीन यवनांवरून सगळे पटकन पुढे गेलात! हे ग्रीक होते की नुसते पश्चिमेकडचे परदेशी? नावं तर इरिल, चिट, चंद. चंद कुठल्या अंगाने ग्रीक?

ब्राह्मीवाचक
'यवन' सुरुवातीला ग्रीकांना, पुढे पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही. नावावरून वंश काढायला जाऊ नये. बौद्ध उपासक झाल्यावर इथलं नाव घेणं नवलाचं नाही. जास्त महत्त्वाचं हे की ते बाकीच्या दात्यांसारखंच, त्याच प्राकृतात, त्याच साच्यात दान कोरतात. परका म्हणून वेगळी ओळ नाही.

चंदाचं गर्भद्वार भूतलेणीत आहे. कमानीच्या आतल्या अर्धवर्तुळात गजलक्ष्मी, बाजूला हात जोडलेले उपासक. जुन्नरमधला सगळ्यात नटवा दर्शनी भाग म्हणायला हरकत नाही. आणि आत गेलात तर काम अर्धवट!

पाटाखालचा
म्हणजे दार झालं, घर राहिलं. बिल्डरची जुनी खोड.

ओसरी
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावत नाहीये, म्हणून मी घेते.

आधी एक गैरसमज. गावकरी लेण्यांत राहत नव्हते. गाव खाली कुकडीच्या काठी, विटामातीचं. लेण्यांत भिक्षू, तेही सुरुवातीला मुख्यतः पावसाळ्याचे महिने, वर्षावासापुरते. पुढे बारमाही.

खोली कशी वाचायची ते सांगते. साधारण सात-आठ फूट लांब-रुंद, एका किंवा दोन भिंतींना दगडी ओटा, तोच पलंग. भिंतीत लहान कोनाडा, दिव्यासाठी. आता दाराकडे वळा. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत समोरासमोर गोल खळगे असतील तर तिथे लाकडी दार खुंटीवर फिरत होतं. बाजूच्या भिंतीत चौकोनी भोक असेल तर ते अडसराचं. यातलं काहीच नसेल तर खोलीला दार नव्हतं. चौकटीभोवतीची खाच लाकडी चौकट बसवण्यासाठी. ही भोकं पाहिल्याशिवाय खोली पाहिली असं म्हणू नये. लोक मात्र खांबांचे फोटो काढून निघतात.

चूल कुठेच नाही, कारण जेवण भिक्षेचं. मात्र चिटाचा भोजनमंडप सांगतो की एकत्र जेवायची सोय होती. खोल्या नसलेलं, तीन भिंतींना लांब ओटा असलेलं दालन दिसलं तर ते बहुधा बसून जेवण्याचं किंवा सभेचं.

आता पाणी. पोढी, म्हणजे टाकं, जवळजवळ नेहमी दर्शनी भागाच्या बाजूला, एका खोबणीत. तोंड लहान, आत पोट मोठं. लहान तोंडामुळे ऊन कमी शिरतं, पाणी कमी उडतं आणि शेवाळं कमी धरतं. तोंडाभोवती उथळ चौकोनी खाच दिसली तर ती लाकडी झाकणाची. वर कड्यावर नजर टाका. बारीक पन्हळी तिरप्या कोरलेल्या असतात. त्या पावसाचं पाणी लेण्याच्या तोंडावर न पडू देता बाजूला वळवतात, काही थेट टाक्याकडे. टाकं फसतं ते तळाला भेग गेली की, किंवा पन्हळीत माती बसून झुडूप उगवलं की. मुळं भेगा उघडत जातात. आज कोरडी दिसणारी बरीच टाकी गाळाने भरलेली आहेत, मुळात वाईट खोदलेली नव्हेत.

घाटवाट
ओसरीताई, उत्तम. एक शंका. लेण्याद्री कुकडीच्या पलीकडे, पाचेक किलोमीटरवर. ऐन पावसात, नदी भरलेली असताना, भिक्षेला रोज गावात? पटत नाही.

ओसरी
रास्त शंका. दोन गोष्टी शक्य. एक, नदीच्या लेण्याद्रीकडच्या बाजूलाही वस्ती होती, भिक्षा तिथली. दोन, पावसाळ्यात धान्य आधीच पोचवलेलं असे आणि भोजनमंडप त्यासाठीच. धान्य श्रेणी दात्यांत असणं दुसऱ्या शक्यतेला धरून आहे, पण पुरावा म्हणून तेवढ्यावर थांबता येणार नाही.

ताम्रपट
थोडं अवांतर, पण पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलहून जुन्नरला आला आणि पावसाळा इथेच काढला. दिवसरात्र पाऊस आणि चिखल, अशी तक्रार लिहून ठेवलीय. डोंगरावरच्या नगराची वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारून जाता येत नाही, हेही. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या असदखानाने काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन म्हणाला. शेवटी मध्यस्थी होऊन घोडा मिळाला.

म्हणजे सातवाहनांनंतर गाव संपलं नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली तेव्हा पहिलं ठाणं जुन्नरच. अहमदनगर नंतर वसलं. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म, आणि १६५७ मध्ये त्यांनीच मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर लुटलं: ३ लाख होन आणि २०० घोडे.

मिरगाचापाऊस
जुन्नर आणि घोडे, काहीतरी नातं आहे बुवा.

ओसरी
लेणीही रिकामी राहिली नाहीत. लेण्याद्रीचं क्रमांक ७ म्हणजे २० खोल्यांचा विहार. दालन सुमारे १७ मीटर खोल, १५ मीटर रुंद, आणि एकही खांब नाही! मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्या एकत्र होऊन गिरिजात्मजाचा गाभारा झाला. मानमोडीत एका लेण्यात जैन अंबिका बसली आणि गटाला तिचंच नाव पडलं. तुळजा लेण्यांत तुळजाभवानी. या नव्या वापरामुळे रंगरंगोटी, फरशी, दारं आली आणि जुन्या खुणा पुसल्या गेल्या हे खरं. पण वापर सुरू राहिला म्हणून वाट, पायऱ्या आणि देखभाल राहिली, हेही तितकंच खरं. भूतलेणीकडे पाहा, तिथे कुणी देव वसला नाही, तर वाट शोधावी लागते.

कुकडीकाठ
सगळ्यांचे आभार. ताम्रपट यांचा मुद्दा घेऊन मत थोडं बदलतो. राजाने लेणी दिली नाहीत, पण रस्ता चालू ठेवला, आणि रस्त्यावर कमावणाऱ्यांनी लेणी दिली. खोदकामं लहान लहान आणि संख्येने भरमसाट का, हेही यातून सुटतं. एकेका दात्याच्या ऐपतीएवढं एकेक लेणं.

ब्राह्मीवाचक
संख्येबाबत सावध. मोजणारा एकाकी खोली आणि टाकंही 'एक' धरतो. अजिंठ्याच्या ३० मध्ये अख्खे विहार आहेत. पहिल्या पोस्टमधली तुलना तेवढी सैल आहे. दगड किती काढला ते मोजलं तर चित्र वेगळं येईल.

सह्यभटक्या
जाणाऱ्यांसाठी क्रम सुचवा कुणीतरी.

कातळवाचक
पावसाळा सरल्यावर जा. पहिल्या दिवशी सकाळी तुळजा, मग लेण्याद्री. लेण्याद्री दक्षिणाभिमुख आहे, त्यामुळे हिवाळ्यात खाली झुकलेलं ऊन ओसरीत शिरतं आणि लेख वाचता येतात. तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. दुसरा दिवस मानमोडीच्या तिन्ही गटांना द्या, आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. नाणेघाट वेगळ्या दिवशी.

बॅटरी आडवी, भिंतीला चिकटवून धरा. समोरून उजेड टाकला की अक्षरं सपाट होतात. अक्षरांवर खडू, पाणी, पीठ काहीही लावू नका. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. लेण्याद्री आणि शिवनेरीच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात. मोहोळ उठलंच तर हात न झटकता, तोंड झाकून, सरळ खाली उतरा.

ब्राह्मीवाचक
आणि क्रमांकांचा घोळ लक्षात ठेवा. लेण्याद्रीला मोजणी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणून ६ आणि ७ शेजारी आणि १४ पुढे पश्चिमेला. मानमोडीत मात्र जुन्या नोंदींतले क्रमांक आणि जागेवरचे आकडे जुळतीलच असं नाही. तिथे क्रमांकापेक्षा गटाचं नाव आणि दात्याचं नाव लिहून नेलेलं बरं.